कयाधूच्या रेतीतली पुतळ्यांची माळ

हे मी कुणालाच सांगितलेलं न्हाई. मालकाला न्हाई, पोराला न्हाई. महादेवापुढं हात जोडते तेव्हाबी मनातल्या मनात दुसरंच काहीतरी बोलून घेते अन् घाईघाईनं घंटा वाजवून निघते. तुमाला काहून सांगून राहिले? मलाबी नीट ठाव न्हाई. तुमी आमच्या गावचे न्हाई, रंजनाचं तोंड तुमी कधी पाह्यलं न्हाई, म्हणून असंल. तोंड वळखीचं असलं की माझी जीभ जड होते. एरवी ती जड होणारी न्हाई, हे गावात कुणालाबी विचारा.

माझी पिठाची गिरणी हाये. गिरणीवर बाया येतात, डबे ठेवतात, दळण होईपर्यंत बसतात. बसल्यावर बोलतात. अन् कुणी न्हाई बोललं तर मी बोलते. शांताकाकूच्या गिरणीवर पीठ अन् बातमी दोन्ही गरम मिळतं, असं पोरं म्हणायची. मला त्याचा राग येत नव्हता. खरं सांगू? बरं वाटायचं.

पण आधी नदीचं सांगते. सरळ मुद्द्यावर काहून येत न्हाई, असं म्हणाल. येते. जरा दम धरा, मला एकदम न्हाई जमत.

आमचं गाव नरसीहून थोडं पुढं, कयाधूच्या काठी. एरवी नदी म्हणजे रेती अन् मधी एक धार, म्हशी बसतील एवढी. पूर येतो तेव्हा मात्र हीच का ती, असं वाटतं. अन् पूर ओसरला की आमच्या गावच्या बाया परात, चाळणी घेऊन रेतीत सोनं धुवायला जातात. हसू नका. कयाधूत सोन्याची खाण न्हाई, एवढं आमालाबी कळतं. पण नदी वरच्या गावांचं काय काय घेऊन येते. धुणं धुताना कुणाची फुली गळते, कुणाचा मणी तुटतो. मेलेल्या माणसाच्या तोंडात सोन्याचा मणी घालतात, मग राख सावडून पाण्यात सोडतात — तो मणी कुठं जात असंल? आमच्या वळणावर दोन काळे खडक हायेत अन् बाभळीची झाडं. त्यांच्या मागं पाण्याचा जोर मोडतो, अन् जड असंल ते खाली बसतं. तिथली रेती परातीत घ्यायची, पाण्यात धरून गोल गोल फिरवायची. पांढरी रेती वाहून जाते, काळी रेती मागं राहते. नशीब असलं तर त्या काळ्या रेतीच्या कडेला एक पिवळा ठिपका दिसतो. बहुतेक वेळा काहीच दिसत न्हाई. कुणाला बटन सापडतं, कुणाला गंजका खिळा. तरीबी जायचं. भाकरी बांधून न्यायची, ठेचा न्यायचा, पाण्यात पाय सोडून बसायचं, सासवांची नक्कल करायची. आमाला दुसरी कोणती सहल होती?

या नादाला मला रंजनानं लावलं. रंजना म्हणजे आमच्या शेजारच्या दत्ताची बायको, शिरड शहापूरची लेक. माझ्याहून बरीच लहान, मला आक्का म्हणायची. अंगानं काटक, बोलायला कमी, पण हसायला लागली की पोट धरून हसायची. तिची एक रीत होती, अन् ती तिनं आमा सगळ्या बायांना लावून दिली. रेतीत काही सापडलं की मूठ मिटायची न्हाई. तळहातावर ठेवायचं, सगळ्यांना दाखवायचं. कुणाच्या वळखीचं निघालं तर ते त्याचं. वितळलेला मणी निघाला तर तो मेलेल्याचा, परत पाण्यात. अन् कुणाचंच न्हाई असं निघालं तर मग जिला सापडलं तिचं. एकदा ती खडकाच्या पलीकडं एकटीच रेती धुवत होती. आमी कुणीच तिकडं पाहत नव्हतो. ती तिथून उठून आली अन् माझ्यापुढं हात पसरला. म्हणली, "आक्का, ही तुमची फुली न्हाई का?" माझीच होती. आदल्या साली हरवलेली, मी तर नाद सोडला होता. ती फुली आत्ता या घडीला माझ्या नाकात हाये.

तर अशी ती बाई.

रंजनाची सासू गयाबाई. तिच्याकडं पुतळ्यांची माळ होती, नाण्यासारख्या सोन्याच्या चकत्यांची, तिच्या सासूच्या सासूकडून आलेली. लाल रेशमाच्या दोऱ्यात पटवेकऱ्यानं ओवलेली. भादव्यात महालक्ष्म्या बसल्या की ती माळ थोरल्या महालक्ष्मीच्या गळ्यात पडायची, अन् आमी गावातल्या बाया हळदीकुंकवाच्या निमित्तानं ती पाहायला जायचो. गयाबाईचा अर्धा मान त्या माळेत होता.

त्या साली महालक्ष्म्या तोंडावर आलेल्या अन् पूर आला. भरदुपारी पाणी गल्लीत घुसलं. रंजनाचा भाऊ बालाजी शिरडला एकाच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर होता, तो सकाळीच नदी चढल्याचं ऐकून ट्रॉली घेऊन धावत आलेला. त्यानं आमाला नदीकडच्या घरांतून काढलं अन् वरच्या अंगाला शाळेत नेलं. ट्रॉलीत मीबी होते. रंजनाची पोरगी पूनम तेव्हा अंगणवाडीत जाणारी. पोरीला वर उचलून द्यायचं म्हणून रंजनानं काखेतलं गाठोडं भावाच्या हातात दिलं. हे मी माझ्या डोळ्यांनी पाह्यलं. त्यात खोट न्हाई.

पाणी उतरल्यावर आमी घरी आलो. गयाबाईच्या घराची नदीकडची भिंत गेली होती. त्या खोलीतलं सगळंच गेलं — भांडी, कणगी, महालक्ष्म्यांच्या कोठ्या. पण लोखंडी पेटी मधल्या खोलीत जागेवर. तिला कुलूप जसंच्या तसं. अन् पेटी उघडली तर आत माळ न्हाई. किल्ली कुणाच्या कमरेला? रंजनाच्या. गयाबाई ऊर बडवून सांगायची की माळ मी माझ्या हातानं पेटीत ठेवली होती.

माझी गिरणी वरच्या आळीत, कोरडी. त्या दिवशी लाईट नव्हती, तरी बाया जमल्या. माळ गेली कुठं, हाच विषय. मी म्हणले की रंजनानं भावाच्या हातात गाठोडं दिलेलं मी पाह्यलं. बोलून गेले, त्यात काही वाकडं नव्हतं. पण सगळ्या एकदम गप्प झाल्या अन् माझ्याकडं पाहायला लागल्या. गिरणी बंद, पट्टा बंद, बाहेर नुसता चिखलाचा वास. कुणीतरी विचारलं, मग पुढं?

पुढं काहीच नव्हतं हो. पोरीचे कपडे अन् डाळीचं फडकं असलेलं गाठोडं, त्याच्या पुढं काय असणार? पण मी एवढ्यावर कधी थांबले? मी म्हणले, "अन् त्यात काहीतरी वाजलं."

वाजलं नव्हतं. पाण्याचा एवढा आवाज, ट्रॅक्टरचा आवाज, पोरांचं रडणं — तिथं गाठोड्यात काय वाजणार अन् मला काय ऐकू येणार? हे कुणाच्या डोक्यात आलं न्हाई. माझ्या आलं होतं. तुमी म्हणाल, रंजनाशी वैर होतं का, जळत होते का मी तिच्यावर? न्हाई. वैर असतं तर निदान काही कारण तरी सांगता आलं असतं. नुसतं — सगळ्या माझ्याकडं पाहत होत्या, अन् मला ते गोड लागलं.

बातमी गयाबाईच्या घरी माझ्या आधी पोचली. मग महादेवाच्या देवळात चार जाणती माणसं बसली. रंजना म्हणली, गाठोड्यात पोरीचे कपडे होते, शाळेत गेल्याबरोबर भावाकडून परत घेतलं. बालाजीबी तेच म्हणला. लोक म्हणले, मधल्या वाटेत काढून घ्यायला कितीसा टाइम लागतो? मग मला बोलावलं. पिंडीपुढं ताटात बेलाची पानं अन् भंडारा ठेवलेला. आमच्याकडं अशा वेळी बेलभंडारा उचलून सांगायचं असतं. खोटं उचललं तर ते आपल्या लेकरावर येतं, असं आमी धरून चालतो. म्हणजे मीबी तसंच धरून चालते, बरं का. नास्तिक न्हाई मी.

अन् मी उचलला.

काय चाललं होतं डोक्यात, विचारता? गाठोडं तर खरं हाये, असं म्हणत होते मी मनाशी. गाठोड्यापुरता उचलते, असं म्हणत होते. अन् तोंडानं म्हणले, "गाठोडं दिलं, अन् त्यात वाजलं." आवाज जरासुद्धा कापला न्हाई.

मग ताट रंजनापुढं केलं. तिनं हात पुढं केला, पार ताटाजवळ नेला. अन् माझ्याकडं पाह्यलं. माझा पोरगा तिथंच देवळाच्या पायरीवर बसलेला, त्याच्याकडं पाह्यलं. अन् हात मागं घेतला. म्हणली, "मी न्हाई उचलत." दत्ता ओरडला, काहून न्हाई उचलत? तिनं ताट मागं सारलं. झालं. सगळ्यांना जे समजायचं ते समजलं.

देवळातून बाहेर पडताना ती माझ्याजवळून गेली. हळूच म्हणली, "आक्का, मी उचलला असता तर तुमच्या लेकरावर आलं असतं. तुमाला तसं ऐकू आलं असंल. पण वाजलं न्हाई हो."

तेव्हा बोलायचं होतं. तिथल्या तिथं माघारी फिरून, चपला न घालता, देवळात जाऊन बोलायचं होतं. मी चपला घातल्या.

तिला माहेरी धाडली. पोरगी आमच्या घराण्याची, असं म्हणून पूनमला ठेवून घेतलं. आई निघताना लेकरू रडून गोंधळ करंल, म्हणून गयाबाईनं पूनमला माझ्याकडं आणून बसवलं. मी तिला कणकेचा गोळा दिला, चिमण्या करून दिल्या. बाहेर रस्त्यावर एसटी थांबल्याचा आवाज आला. पूनमनं मान वर केली. मी म्हणले, ही पाहा, हिला चोच करायची राहिली. तिकडं बालाजीच्या मालकानंबी त्याला ट्रॅक्टरवरून उतरवलं. चोरट्याच्या हातात कोण गाडी देईल?

इथपर्यंत असती तर गोष्ट वेगळी होती. इथपर्यंत निदान मला माहीत तरी नव्हतं की माळ कुठं हाये. चोरी झाली असंलबी, रंजनानं घेतलीबी असंल, असं स्वतःला सांगता येत होतं. मी सांगत होते.

महालक्ष्म्या उठल्या, पाऊस थांबला, नदी बऱ्यापैकी उतरली. बाया रेतीत गेल्या, मीबी गेले. न जाऊन कसं चाललं असतं? त्या खडकाच्या अलीकडं बसल्या, मी पलीकडं गेले. बाभळीच्या उघड्या पडलेल्या मुळ्यांत एक पत्र्याचा डबा चेपून अडकलेला. लाल रंगाचा. ओढून काढला तर ती महालक्ष्मीची कोठी — जिच्यावर मुखवटा ठेवून लुगडं नेसवतात ती. गयाबाईचीच, लाल रंगावर तिनं काढलेली पांढरी वेल मी वर्षानुवर्षं पाहत आले होते. कोठीत गहू भरतात. तोंडाला फडकं गच्च बांधलेलं. फडकं कडेनं फाडलं तर गव्हाला कोंब येऊन सगळा गोळा झालेला, पिवळा, आंबूस वास येणारा. मी बोटं घातली. गव्हाच्या मुळ्यांत लाल दोरा लागला.

मी खाली बसले. कोठी मांडीवर घेतली.

सगळं एका घडीत समजलं. सणाला कोठ्या भरताना गयाबाईनं सामान काढायला म्हणून किल्ली मागून घेतली असंल, अन् माळ पेटीतून काढून गव्हात लपवली होती. घरात पाव्हणेरावळे येणार, म्हणून. अन् पुराच्या धांदलीत म्हातारीच्या ध्यानात राहिली ती पेटीच. पुढं कधी तिला आठवलं का? आठवलं अन् तीबी गप्प बसली का? गयाबाई आता हयात न्हाई. तिचं तिच्याजवळ. मला तिच्याआड लपायचं न्हाई.

नुसती माळ सापडती तर लोक म्हणले असते, बालाजीनं भिऊन नदीत टाकली. पण माझ्या मांडीवर कोठी होती, फडकं होतं, कोंब आलेले गहू होते. गयाबाईच्या हातची गाठ होती. याच्यापुढं कुणाला काही बोलताच आलं नसतं. मी नुसतं उठून खडकाच्या अलीकडं यायचं होतं अन् हात पसरायचा होता. रंजना संध्याकाळपर्यंत घरी आली असती.

पण मग कुणीतरी विचारलं असतं — शांताकाकू, गाठोड्यात वाजलं ते काय?

एवढंच. एवढ्यासाठी. सोन्याचा लोभ असता तर बरं झालं असतं, लोभ माणसाला समजतो. मला लाज वाटली. बेलभंडारा खोटा उचलणारी बाई म्हणून गिरणीवर मला कुणी तोंड दाखवू दिलं नसतं, याची लाज. मी माळ काढून कमरेला खोचली. गहू पाण्यात सोडला. कोठी धारेपर्यंत नेली अन् पायानं लोटली. ती जरा वेळ फिरली, मग पाणी भरून खाली गेली. अलीकडून एकीनं हाक मारली, काकू, सापडलं का काही? मी म्हणले, "कशाचं काय, गंजका पत्रा हाये." अन् रिकामे हात वर करून दाखवले.

माळ मी सालभर गिरणीत ठेवली, जात्याखालच्या सांदीत. रोज वरून दळण चालायचं अन् रोज वाटायचं की आज शिरडला जाईन. कधी पोराची परीक्षा आडवी यायची, कधी मालकाचं पथ्य. खोटं हो. काही आडवं येत नव्हतं. दुसऱ्या साली नदीला पुन्हा पाणी आलं तेव्हा पुलावर गेले अन् माळ खाली टाकली. टाकताना दोरा तुटला, पुतळ्या सुट्या होऊन पडल्या. वाटलं, सुटले.

त्यानंतर दर साली पूर ओसरला की पहिली परात माझी असते. गुडघे गेले, डॉक्टर पाण्यात उभं राहू नका म्हणतो, तरी जाते. गावाला वाटतं, म्हातारपणी काकूला सोन्याचा नाद लागला. आता तर हिंगोलीहून पोरं मोटारसायकलवर येतात. मोबाईलवर कुठं सोनं शोधतानाचे व्हिडिओ पाहतात अन् इथं पराती घेऊन उतरतात, हौस म्हणून. मला जागा विचारतात. मी दाखवते, परात कशी फिरवायची ते शिकवते. म्हणते, काहीबी ठेवा, पण पुतळी सापडली तर मला दाखवा. एकानं माझाच व्हिडिओ काढला, सोनंवाली काकू म्हणून. लोकांनी लई पसंत केला म्हणे. आजवर एक पुतळी सापडली न्हाई. सापडली तर नेऊन देणार का मी कुणाला? एवढ्या सालांत न्हाई दिली जीभ हलवून एक गोष्ट, ती पुतळी काय देणार. पण जाते.

अजून मुख्य राहिलंच हाये. याच्याभोवतीच फिरून राहिले मी मघापासून.

पूनम माझ्या अंगाखांद्यावर वाढली. दत्तानं दुसरी बायको केली न्हाई, गयाबाई थकलेली. पोरीची वेणी मी घालायची, तापात मी बसायची, पहिल्यांदा पाळी आली तेव्हा ती पळत माझ्याकडं आली. लोक म्हणायचे, काकूनं परक्या लेकराला जीव लावला. लावला होता, त्यात खोटं न्हाई. आई कधी शाळेच्या फाटकाशी येऊन उभी राहायची, तर दत्ताचे भाऊबंद हुसकून लावायचे. पूनम त्याबद्दल मला कधी काही बोलली न्हाई.

दहावीची परीक्षा झाली अन् एके दिवशी ती दळणाचा डबा घेऊन आली. बाकीच्या बाया जाईपर्यंत थांबली. मी गिरणी बंद केली. ती डब्याच्या कडीशी चाळा करत म्हणली, "काकू, मम्मीचा निरोप आलाय. शिरडला ये म्हणती. एक विचारू? तुमी खरंच पाह्यलं व्हतं का?"

मी म्हणले, काय?

"मामाच्या हातात माळेचं गाठोडं. आजी म्हणती तुमी पाह्यलं. तुमी न्हाई म्हणलं तर मी उद्या सकाळच्या गाडीनं जाते. तुमी व्हय म्हणलं तर न्हाई जात. माझा तुमच्यावर भरवसा हाये."

दुसरं कुणी नव्हतं तिथं. पंच नव्हते, ताट नव्हतं, गिरणीत बाया नव्हत्या माझ्याकडं पाहायला. माझी अब्रू जायची भीती तरी किती होती? एका पोरीपुढं. अन् तीबी अशी पोरगी की तिनं मला माफ केलं असतं, असं आज वाटतं. एक शब्द पुरला असता. पण तो बोलले असते तर ती उद्या आईच्या गळ्यात पडली असती, अन् परवा माझ्याकडं कोणत्या नजरेनं आली असती? आली असती का? मला ती हवी होती. तिच्या आईची पोरगी मला माझ्या दारात हवी होती.

मी म्हणले, "व्हय. पाह्यलं." अन् थांबायचं ना? एवढ्यावर तरी? "वाजलंबी होतं त्यात."

पूनमनं डबा उचलला. बरं म्हणली अन् गेली. शिरडला ती गेली न्हाई, पुन्हा कधी निरोप आला तरी गेली न्हाई. देवळातलं खोटं घाबरून बोलले असंन, गिरणीतलं चवीसाठी. हे मात्र मी समजून उमजून बोलले, शांतपणानं, माझ्यावर भरवसा टाकणाऱ्या लेकराच्या तोंडाकडं पाहून. मला विचाराल तर माझा गुन्हा तो हाये.

यंदा उन्हाळ्यात पूनमचं लग्न झालं. आईच्या जागी कुणाला बसवायचं, असा विषय निघाला तर तिनं माझं नाव घेतलं. कन्यादानाला मी अन् मालक बसलो. तिच्या हातावर पाणी सोडताना माझी नजर मंडपात मागं गेली, तर पाण्याच्या टाकीपाशी रंजना उभी. बोलावलेली नव्हती. पदर कपाळापर्यंत ओढलेला, केस पांढरे, हातात पिशवी. तिला कुणी हटकलं न्हाई, एवढ्या सालांनी वळखलंच न्हाई बहुतेकांनी. पाणी पाटावर सांडलं अन् भटजी म्हणले, आई, सावकाश.

गाडी निघून गेल्यावर मंडप रिकामा झाला. रंजना माझ्याकडं आली अन् वाकून पाया पडली. माझ्या. म्हणली, "आक्का, माझ्या लेकराची आई झालात. मी तुमाला कधी बोल लावला न्हाई. तुमाला जसं ऐकू आलं तसं तुमी सांगितलं." मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. सुखी राहा म्हणले. एवढं बोलायला माझी जीभ बराबर उचलली.

मग तिनं पदरानं तोंड पुसलं अन् विचारलं, "मी लई लांब व्हते. तिनं पाह्यलं का मला? वळखलं का?"

मी म्हणले, "वळखलं ना. तुझ्याकडं पाहून डोळ्याला पदर लावला तिनं. म्हणली, मम्मी आली."

रंजनाचं तोंड असं उजळलं की मला तिथं उभं राहवेना. ती पिशवी सावरत फाट्याकडं चालती झाली, शिरडची शेवटची गाडी पकडायची होती तिला.

पूनमनं तिला पाह्यलं होतं, एवढं खरं. कन्यादानाच्या पाटावर बसलेली असताना. माझ्या कानाशी वाकून म्हणली होती, "काकू, ती बाई काहून आली?"

मी तिची मुंडावळी नीट केली अन् म्हणले, तू समोर पाहा.